एक दिवस अलीकडे

जुना संगणक सुरू होताना
चढ चढून आलेल्या घोड्यासारखा धापा टाकायचा,
म्हणून भाचा आक्युरेरीहून नवा घेऊन आला.
"मावशी, तासाभराचं काम," म्हणाला स्टेइनार,
आणि मधे एक वायर जोडून
माझं तेवीस वर्षांचं बिऱ्हाड हलवायला घेतलं.

आधी नावं-पत्ते.
नव्याने विचारलं: आडनाव?
इथंच घोडं अडलं.
आमच्या बेटावर आडनाव बहुतेकांना नसतंच,
बापाचं नाव, पुढे मुलगा की मुलगी, एवढंच.
त्याने मग आपल्या अकलेने
सतरा वेगवेगळ्या एइनारांच्या लेकी
सख्ख्या बहिणींसारख्या एका रांगेत उभ्या केल्या.

मी गुरांची डॉक्टर. नावापुढे जनावर लिहून ठेवते.
'हाल्डोरा, लाथाळ कालवड.'
'ओड्डुर, कुत्रा चावतो.'
'ओड्डुर, कुत्रा मेला, आता जायला हरकत नाही.'
दोन्ही ओड्डुर एक करू का?
कर, म्हटलं.
राहिला तो चावणारा.

मग पत्रं.
निळी पट्टी हजाराहजाराने सरकत गेली,
आम्ही सुकट मासा लोण्याशी खाल्ला,
आणि शेवटी कुरकुर आली:
तीनशे बारा पत्रांत मजकूर नाही. आणू?

ती सगळी ब्रेक्क्याच्या वेटुर्लिदीची.
तो विषयाच्या ओळीतच सगळं उरकतो.
'मेंढी उठली.'
'घाट बंद, येऊ नका.'
'बिल मिळालं. महाग आहे.'
बायको गेली तेव्हासुद्धा
'गुरुवारी नको, गुद्लॉगला पुरायचंय.'
उघडलं की आत पांढरं.
आण, म्हटलं. रिकामी तर रिकामी.

कॅलेंडर तर हूं की चूं न करता आलं.
मी वेळ लिहीत नाही, नुसता दिवस;
हिवाळ्यात वेळ रस्ता ठरवतो.

सोमवार: ब्रेक्का, घोडीचे दात.
कानस घेतली, बादली, दोर,
चाळीस किलोमीटर, वारा सतत डाव्या दाराशी.
वेटुर्लिदी उंबऱ्यात, एका पायात बूट.
"उद्या," तो म्हणाला.
"आज," मी म्हटलं, आणि छापून आणलेला कागद पुढे केला.
त्याने भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर दाखवलं.
मंगळवारभोवती पेन्सिलीचं वर्तुळ,
इतकं गिरवलेलं की कागद दबला होता.

घोडी वरच्या कुरणात. तिला आज आणणार होता.
मी कॉफीपुरती आत आले.

स्वयंपाकघरात इस्त्रीचं टेबल उघडं,
त्यावर पांढरा शर्ट,
एक बाही कडक, एक चुरगळलेली.

तेवीस वर्षं मी त्याला त्याच शर्टात पाहत आले,
शेणात गुडघे टेकून मेंढीचं डोकं धरलेला,
आणि मला वाटायचं,
हा माणूस रोजच असा राहतो.

तो काही बोलला नाही.
इस्त्रीची पिन काढली.
कॉफी ओतताना कपाखाली बशी ठेवली,
मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतली.

रात्री स्टेइनार फोनवर पोट धरून हसला.
नव्या संगणकाला वाटत होतं मी कॅलिफोर्नियात राहते.
"आपल्याकडे मंगळवार लागतो
तेव्हा तिथं अजून सोमवारच असतो, मावशी."
कुठं काय बदलायचं ते सांगितलं.
एकच खूण.
सगळे दिवस मुकाट एकेक घर पुढे सरकले,
वासरांच्या लसी, दातवैद्य, माझा वाढदिवस.

तेवढ्यात नवीन पत्र:
'घोडी आणली.'

उघडलं. पांढरं.
नेहमी मी लगेच बंद करते.
या वेळी बोटाने
जरा खाली, अजून खाली,
सरकवत राहिले.